कोलंबो : कांहीं तासांच्या मुक्कामाचें शहर

हिंदी महासागराचा नकाशा समोर पसरला म्हणजे सिलोनच्या बेटाविषयीं एक गोष्ट चटकन् लक्षांत येते. पश्चिमेकडून बंगालच्या उपसागरांत, मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे किंवा ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या जहाजाच्या वाटेवर हें बेट उभें आहे. हिंदुस्थान आणि सिलोन यांच्यामधील समुद्र इतका उथळ, आणि वाळूच्या दांड्यांनीं व खडकांनीं असा भरलेला आहे कीं, मोठ्या जहाजास तेथून वाट मिळत नाहीं. रामसेतु या नांवानें ओळखली जाणारी रांगच आडवी पडलेली आहे. तेव्हां जहाजानें बेटास दक्षिणेकडून वळसा घालावा हें ओघानेंच आलें; आणि वळसा घालावयाचाच तर तेथें थोडें थांबावें, पाणी भरून घ्यावें, हेंहि ओघानेंच आलें. प्रश्न एवढाच होता कीं, थांबावें कोठें. या एका प्रश्नाच्या उत्तरानें एक शहर वर आलें आणि दुसरें मागें पडलें.

कोलंबो हें या वाटेवरचें जुनें गांव. केलानी नदीच्या मुखाजवळच्या या बंदरांत दालचिनी आणि रत्नें यांच्यासाठीं अरब व्यापारी फार पूर्वींपासून येत असत. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४४ च्या सुमारास येथें आला. त्यानें या गांवाचें नांव ‘कलंबू’ असें दिलें असून बेटांतील मोठ्या आणि चांगल्या शहरांत त्याची गणना केली आहे. १५०५ सालीं पोर्तुगीज आले, १६५६ मध्यें डचांनीं त्यांच्याकडून हें ठाणें घेतलें, आणि १७९६ मध्यें तें इंग्रजांच्या हातीं पडलें. राज्यें बदललीं, पण बंदराचा दोष कांहीं बदलला नाहीं. कोलंबोचें बंदर म्हणजे वस्तुतः उघडा समुद्रच होता. ईशान्येचे वारे वाहत असतांना तेथें नांगर टाकणें सोपें. पण नैर्ऋत्येचा पाऊसवारा सुटला म्हणजे लाटा सरळ आंत शिरत, जहाजें डोलूं लागत, आणि होडींतून माल किंवा माणूस उतरविणें जिवावरचें काम होऊन बसे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवणाऱ्या कोंकणच्या माणसाला हें अधिक फोड करून सांगावयास नको.

म्हणून आगबोटींचें युग सुरू झालें तेव्हां मान मिळाला तो कोलंबोला नव्हे, तर बेटाच्या दक्षिण टोंकाजवळच्या गॉल या गांवाला. १८४२-४३ च्या सुमारास पी. अँड ओ. कंपनीच्या टपालाच्या आगबोटी सुएझ आणि कलकत्ता यांच्या दरम्यान धांवूं लागल्या, आणि त्यांचा एक थांबा गॉल हा ठरला. पुढें चीनकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणारे फांटेहि तेथूनच फुटूं लागले. एका बोटींतून उतरावें आणि दुसऱ्या बोटीची वाट पाहत डचांनीं बांधलेल्या किल्ल्यांत दिवस काढावे, असा प्रवाशांचा क्रम असे. त्यांच्यासाठीं किल्ल्यांत हॉटेलें निघालीं. कांसवाच्या पाठीच्या फण्या, हातानें विणलेल्या लेसी आणि खरे-खोटे नीलमणी घेऊन विक्रेते हॉटेलाच्या ओट्यावर बसूं लागले.

विलायतेचें टपाल आणि बातमी प्रथम गॉलला उतरे. राजधानी असूनहि कोलंबोला ती मागाहून कळे. दोहोंमधील अंतर सुमारें ७० मैलांचें. या अंतरावर कोलंबोच्या एका वृत्तपत्रानें एक नामी युक्ति काढली होती. १८५० पासून कांहीं वर्षें, तारयंत्र येईपर्यंत, गॉलला बोट लागतांच बातम्यांचा गोषवारा पातळ कागदावर लिहून तो कबुतराच्या पायास बांधीत आणि कबूतर कोलंबोकडे सोडून देत. राजधानीचें नाक गॉलच्या हातांत होतें तें असें.

पण गॉलचें बंदरहि निर्दोष नव्हतें. त्याच्या मुखांत पाण्याखालीं खडक आहेत, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून त्यालाहि पुरता आडोसा नाहीं. १८६० च्या मे महिन्यांत याचा मोठा अनुभव आला. चीनमधील युद्ध आणि तह यांच्या कामगिरीवर निघालेले इंग्रज वकील लॉर्ड एल्गिन आणि फ्रेंच वकील बॅरन ग्रो हे दोघेहि ‘मलबार’ नांवाच्या आगबोटीवर असतांना ती बंदरांतच वादळांत सांपडली, खडकावर आदळली आणि बुडाली. वकील वांचले, पण दोन बड्या राष्ट्रांचे प्रतिनिधि बंदरांत उभ्या असलेल्या बोटीवर बुडतां बुडतां वांचावे, ही गोष्ट गॉलच्या कीर्तीस शोभणारी नव्हती.

इकडे कोलंबोच्या बाजूनें वजन वाढत चाललें होतें. कँडीच्या डोंगरांतील कॉफीचे मळे भरभराटीस आले होते. त्यांचा माल कोलंबोला येई. १८६७ मध्यें आगगाडी कँडीपर्यंत पोहोंचली, आणि ती गाडी गॉलला नव्हे तर कोलंबोला उतरत होती. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला आणि पूर्वेकडे येणाऱ्या जहाजांची संख्या वाढूं लागली. धक्का बांधावयाचा तर कोठें, गॉलला कीं कोलंबोला, यावर बराच खल झाला. बेटाच्या पूर्वेस त्रिंकोमालीचें बंदर निसर्गानेंच उत्तम घडविलेलें आहे. परंतु तें वाटेवरहि नाहीं आणि मळ्यांच्या जवळहि नाहीं. निसर्गानें जें दिलें तें व्यापाराच्या सोयीचें नव्हतें, आणि व्यापाराला जें हवें होतें तें निसर्गानें दिलें नव्हतें. सर विल्यम ग्रेगरी हे १८७२ सालीं गव्हर्नर होऊन आले तेव्हां कोलंबोच्या बाजूनें निकाल लागला, आणि सर जॉन कूड या बंदरकामांतील नामांकित इंजिनिअराकडे आराखडा सोंपविण्यांत आला.

१८७५ च्या डिसेंबरच्या ८ तारखेस, हिंदुस्थानच्या दौऱ्याच्या वेळीं सिलोनला आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्तें, म्हणजे पुढील सातव्या एडवर्ड बादशहाच्या हस्तें, या धक्क्याचा पहिला दगड बसविण्यांत आला. समारंभ राजपुत्रानें केला. दगड मात्र महारा येथील खाणींत कैद्यांनीं फोडला. समुद्राच्या तळाशीं दगडांचा बांध घालावयाचा आणि त्यावर काँक्रीटचे प्रचंड ठोकळे एकावर एक बसवीत लाटेच्या तोंडावर पुढें पुढें सरकावयाचें, असें तें काम होतें. पावसाळा आला कीं तें थांबे. दहा वर्षांनीं, १८८५ सालीं, नैर्ऋत्य बाजूचा सुमारें चार हजार फूट लांबीचा बांध पुरा झाला, आणि त्याच्या आडोशाला बारमास शांत पाणी मिळालें. पण आगबोटींच्या कंपन्या इतक्या थांबल्याच नाहींत. बांध पुरा होण्याच्या आधींच, १८८२ सालीं, पी. अँड ओ. नें आपला मुक्काम गॉलहून कोलंबोला हलविला.

गॉलचा बाजार यानंतर बसला, हें वेगळें सांगावयास नकोच. पण तेथें कोणी कांहीं पाडलें नाहीं, हीहि गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कोलंबोंत मात्र १८६९ ते १८७१ या काळांत डचांचे जुने तट पाडून टाकण्यांत आले होते, कारण वाढत्या व्यापाराला जागा हवी होती. गॉलमध्यें जागा कोणालाच नको होती. तेथील तट, बुरूज, गल्ल्या आणि कौलारू घरें जशींच्या तशीं उभीं राहिलीं.

आतां कोलंबोच्या त्या मुक्कामाकडे वळावयाचें. जहाज तेथें थांबे तें प्रवाशांना शहर दाखविण्यासाठीं नव्हे. तें थांबे कोळशासाठीं. एडनहून निघालेली आगबोट कोलंबोला येईपर्यंत तिचे कोठार रितें होत आलेलें असे. कोळशाचे पडाव दोन्ही अंगांस लागत, फळ्या टाकल्या जात, आणि शेंकडों मजूर कोळसा पाठीवर व डोक्यावर घेऊन त्या फळ्यांवरून चढूं-उतरूं लागत. काळी धूळ जहाजभर पसरे. खोल्यांच्या खिडक्या बंद कराव्या लागत आणि उकाड्यानें आंत जीव घुसमटे. अशा वेळीं प्रवाशानें बोटीवर बसून काय करावें? तो उठून किनाऱ्यावर जाई. पुढें ज्याला मोठ्या हौसेनें बंदरदर्शन म्हणूं लागले, त्याचा उगम असा कोळशाच्या धुळींत आहे.

जहाज बंदराच्या मध्यावर उभें राही. प्रवासी मचव्यांतून धक्क्यावर येत. वाटेंत लांकडाच्या ओंडक्यांवर बसलेलीं काळीसांवळीं पोरें वर पाहून ओरडत, वरून कोणी नाणें टाकलें कीं पाण्यांत सूर मारून तें दांतांत धरून वर येत. धक्क्यावर पाऊल ठेवतांच समोर ग्रँड ओरिएंटल हॉटेल. तें १८७५ सालीं, म्हणजे बांधाचा पहिला दगड बसला त्याच वर्षीं उघडलें, हा कांहीं योगायोग नव्हे. तेथून रिक्षा किंवा घोडागाडी. केंसांत कांसवाच्या पाठीची फणी खोंवलेले सिंहली पुरुष पाहून प्रवासी हटकून फसत आणि त्यांना स्त्रिया समजत. जवाहिऱ्यांचीं दुकानें रांगेनें. त्यांत खरे नीलमणीहि होते आणि कांचेचे तुकडेहि होते, आणि बोट सुटावयाची वेळ जसजशी जवळ येई तसतसा दोहोंमधील भेद अधिकाधिक पुसट होई. मुंबईहून येणाऱ्याला एक सोय होती: १८७२ पासून तेथें रुपयाच चालत असे, फक्त आण्यांच्या जागीं सेंट होते.

फोर्ट भागांत रस्त्याच्या मधोमध एक मनोरा आहे. तो १८५७ सालीं घड्याळासाठीं बांधला. त्याचा आराखडा गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांच्या पत्नीनें काढला होता. दहा वर्षांनीं त्याच्याच माथ्यावर दीप बसविण्यांत आला, त्यामुळें खालीं घड्याळ आणि वर दीपगृह असें तें एक चमत्कारिक जोडकाम झालें. तेथून पुढें समुद्रकांठचें मोठें हिरवें मैदान, ‘गॉल फेस’. पराभूत गांवाचें नांव विजयी शहराच्या सर्वांत शोभिवंत जागेला असावें, ही मौजच म्हणावयाची. तेथील फिरावयाचा रस्ता याच सर हेन्री वॉर्ड यांनीं १८५९ च्या सुमारास करविला, आणि शहरांतील बायकामुलांच्या हितासाठीं तो पुढील गव्हर्नरांनीं जपावा असें एका दगडावर कोरून ठेवलें. मैदानाच्या टोंकाला १८६४ सालचें गॉल फेस हॉटेल. मग दालचिनीच्या बागा. नांवाच्याच, कारण दालचिनी जाऊन तेथें बंगले उठले होते. मग १८७७ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय. तें वापची मरिकार नांवाच्या मुसलमान कंत्राटदारानें बांधलें, आणि बक्षिसादाखल त्यानें शुक्रवारीं संग्रहालय बंद ठेवण्याची मागणी केली अशी कथा आहे. संध्याकाळीं पुन्हां मचवा, पुन्हां बोट. प्रवाशाच्या डायरींत ‘कोलंबो पाहिलें’ अशी नोंद पडे.

या नोंदी करणाऱ्यांत कांहीं फार मोठीं माणसें होतीं. त्यांतील एक हकीकत मराठी श्रोत्यांना जवळची वाटेल, कारण तिचा आरंभ मुंबईच्या धक्क्यावर होतो. १८९३ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस स्वामी विवेकानंद शिकागोस जाण्यासाठीं मुंबईहून ‘पेनिन्शुलर’ या आगबोटीनें निघाले. बोट कोलंबोला जवळजवळ दिवसभर थांबली. स्वामीजी इतरांप्रमाणेंच उतरले, गाडींतून गांवांत हिंडले, आणि पहुडलेल्या बुद्धाची एक प्रचंड मूर्ति असलेलें मंदिर पाहून आले. पुढें जपानहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, तेथील भिक्षूंशीं बोलण्याची इच्छा होती. पण त्यांना सिंहलीवांचून दुसरी भाषा येत नव्हती, तेव्हां तो नाद सोडावा लागला. कँडी हें बौद्धांचें मोठें स्थान आहे हेंहि त्यांना ठाऊक होतें. पण तेथें जाण्यास वेळ नव्हता. ज्यांची वाणी पुढें साऱ्या जगानें ऐकली, त्यांनाहि कोलंबोच्या मुक्कामांत एका भिक्षूशीं दोन शब्द बोलतां आले नाहींत. बंदराचा मुक्काम माणसाला काय देतो आणि काय देत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

तेच स्वामी विवेकानंद १८९७ च्या जानेवारीच्या १५ तारखेस पश्चिमेकडून परत आले तेव्हां प्रथम कोलंबोलाच उतरले. या वेळीं त्यांना बोटीवर परत जावयाचें नव्हतें. धक्क्यावर लोकांची दाटी होती, कमानी उभारल्या होत्या, मिरवणूक निघाली. बंदर तेंच, धक्का तोच. पण पहिल्या खेपेस त्या गांवानें त्यांना आपलें दर्शनी दालन दाखविलें, आणि दुसऱ्या खेपेस घरांतलीं माणसें बाहेर आलीं.

मार्क ट्वेन हा अमेरिकन ग्रंथकार १८९६ च्या जानेवारींत येथें आला आणि येथूनच बोट बदलून मुंबईस गेला. रस्त्यांतील रंगीबेरंगी, सैल, डौलदार वस्त्रें पाहून तो हरखला. तोंच मिशनच्या शाळेंतील मुलींची एक रांग युरोपीय पद्धतीच्या बेढब पोषाखांत समोरून गेली, आणि त्याच्या आनंदावर विरजण पडलें, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे.

रशियन लेखक चेखव हा त्याच्या आधीं, १८९० च्या नोव्हेंबरांत, साखालिन बेटावरील कैद्यांची पाहणी करून परततांना येथें उतरला. त्याला हें बेट स्वर्गासारखें वाटलें. त्यानें आगगाडीनें कँडी पाहिली, आणि येथून मुंगसें विकत घेऊन मॉस्कोस नेलीं. घरीं गेल्यावर त्यांतील एक मुंगूस नसून कांडेचोर असल्याचें निघालें. जवाहिऱ्यांपुरतीच फसवणूक मर्यादित नव्हती म्हणावयाची! परंतु याच मुक्कामाचा ठसा असलेली त्याची कथा ‘गुसेव’ ही स्वर्गाची नाहीं. पूर्वेकडून मायदेशीं निघालेला एक आजारी शिपाई बोटीच्या पोटांत झिजून मरतो, आणि त्याला कापडांत शिवून समुद्रांत सोडतात, एवढीच ती गोष्ट. वरच्या डेकवरील प्रवासी जो समुद्र पाहत होते त्याच समुद्राची ही दुसरी बाजू. आणि ती पाहण्याची दृष्टि असलेला प्रवासी विरळा.

कोलंबोच्या बंदरांत अशी दुसरी बाजू रोजच उतरत होती. कॉफीच्या मळ्यांवर १८६९ सालीं पानांचा रोग पडला, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत तो धंदा बुडाला. त्याची जागा चहानें घेतली. जेम्स टेलर या स्कॉटिश माणसानें १८६७ पासून लूलकंदुरा येथें चहाची लागवड चालविली होती. तिचें आतां सोनें झालें. चहाला बारमास मजूर लागतात. ते तामिळ देशांतून, कंगाणी म्हणविणाऱ्या मुकादमांच्या मार्फत, कांहीं मन्नारच्या बाजूनें पायीं तर कांहीं तुतिकोरीनहून बोटीनें कोलंबोला येत. त्यांच्यासाठीं धक्क्यावर हॉटेल नव्हतें. तपासणी आणि छावणी होती.

या तुतिकोरीनच्या बोटीचीहि एक कहाणी आहे. व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै या तुतिकोरीनच्या वकिलानें, लोकमान्य टिळकांच्या विचारांनीं भारून जाऊन, १९०६ सालीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर इंग्रज कंपनीशीं सामना मांडला. भाडें उतरत उतरत रुपयावर आणि त्याच्याहि खालीं आलें; शेवटीं इंग्रज कंपनीनें उतारूंना फुकट नेऊन वर एकेक छत्री देऊं केली असें सांगतात. १९०८ मध्यें पिळ्ळै यांना राजद्रोहाबद्दल जबर शिक्षा झाली आणि त्यांची कंपनीहि लवकरच बुडाली. त्याच सुमारास वरच्या वर्गाचा प्रवासी धक्क्यावर नीलमण्यांचा भाव करीत होता. एक रुपयाच्या भाड्यासाठीं शेजारीं काय लढाई चालली आहे याचा त्याला पत्ताहि नसावा.

आणि प्रवाशाची गाडी जेथें सहसा जात नसे तें पेट्टा! फोर्टच्या पलीकडचा हा दाट बाजार म्हणजेच खरें कोलंबो. येथें मेमण, बोहरी, सिंधी, चेट्टी यांच्या पेढ्या. येथें लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, १९०८-०९ च्या सुमारास बांधलेली मशीद, जी खलाशांना समुद्रांतून खूण म्हणून उपयोगी पडे. पेट्ट्याच्या तोंडाशींच एक घड्याळाचा मनोरा आहे. तो मूळच्या मुंबईच्या खान नांवाच्या पारशी कुटुंबांतील भावांनीं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ १९२३ सालीं उभारला आणि शेजारीं पाण्याची सोय केली. मुंबईचें नातें येवढ्यावर थांबत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या बोटीनें येथें येऊन खेळ करूं लागल्या. त्यांचे पडदे, त्यांची हिंदुस्थानी चालींचीं पदें सिंहली प्रेक्षकांनीं उचललीं, आणि त्यांतून ‘नूर्ति’ हा सिंहली संगीत नाटकाचा प्रकार उभा राहिला. मरदाना येथें १९११ सालीं निघालेलें टॉवर हॉल नाट्यगृह हें त्याचें माहेरघर. किर्लोस्करांच्या नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसानें तेथें एक रात्र काढली असती तर त्याला फारसें परकें वाटलें नसतें. पण बोट रात्रीपूर्वींच सुटत असे.

पहिल्या महायुद्धानंतर नुसत्या सहलीसाठीं जगाला फेरी घालणारीं जहाजें निघालीं. कनार्ड कंपनीचें ‘लॅकोनिया’ हें १९२२-२३ मध्यें अशी फेरी करून आलें. कोळशाऐवजीं तेल आलें; धूळ गेली, पण उतरून शहर पाहण्याची चाल राहिली. बंदरांतील मजुरांनाहि या सुमारास कंठ फुटला. ए. ई. गुणसिंह यांच्या पुढारीपणाखालीं १९२७ मध्यें बंदराच्या हजारों कामगारांनीं संप केला, आणि साम्राज्याचें हें मोठें जंक्शन अडून राहिलें.

१९४२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस, ईस्टरच्या रविवारीं सकाळीं, जपानी विमानें शहरावर आलीं. बंदरांत ‘टेनेडोस’ ही विनाशिका आणि ‘हेक्टर’ हें जहाज बुडालें. १९४८ मध्यें सिलोन स्वतंत्र झाला. त्याच वर्षींच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें मळ्यांवरील लाखों तामिळ मजुरांना कोणत्याच देशाचे नागरिक ठेविलें नाहीं. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधील बोटी पुढेंहि कांहीं वर्षें येत राहिल्या. मग विमानें आलीं. १९६७ ते १९७५ सुएझचा कालवा बंद राहिला आणि उरलेल्या बोटीहि आफ्रिकेच्या टोंकाकडून जाऊं लागल्या. १९८३ पासून २००९ पर्यंत देशांत यादवी पेटली होती. १९९६ च्या जानेवारींत फोर्टमध्यें मध्यवर्ती बँकेवर झालेल्या स्फोटांत नव्वदच्या आसपास माणसें मेलीं. ज्या रस्त्यांतून प्रवासी रिक्षांतून हिंडत, तेथें पहारे आणि अडथळे उभे राहिले.

आज सहलीचीं जहाजें पुन्हां येतात. त्यांचीं माणसें हजारांनीं मोजावीं लागतात, आणि जहाज कंटेनरांच्या रांगांमध्यें येऊन लागतें. बंदराचें पोट आतां कंटेनरांवर भरतें. पूर्वीं जहाज बंदराच्या कामासाठीं थांबे आणि प्रवाशाचें हिंडणें हा वरकड भाग असे. आज हें जहाज केवळ हिंडण्यासाठीं थांबतें, आणि बंदराच्या लेखीं तेंच वरकड आहे. फोर्टमधील मनोऱ्यावरचा दीप १९५२ सालींच विझला, कारण भोंवतालच्या इमारतींमुळें तो समुद्रावरून दिसेनासा झाला होता. २०१४ पासून फोर्टच्या अंगचा समुद्रच सुमारें २६९ हेक्टर भरून काढून त्यावर नवें शहर उभारण्याचें काम सुरू झालें. आणि वॉर्डसाहेबांनीं बायकामुलांच्या नांवें कोरून ठेवलेल्या त्या मैदानाजवळ २०२२ च्या एप्रिलपासून हजारों माणसें तंबू ठोकून बसलीं. इंधन, औषधें आणि अन्न यांच्या टंचाईनें गांजलेलीं. जुलैंत अध्यक्षांस देश सोडून जावें लागलें.

मुक्काम अजूनहि कांहीं तासांचाच आहे. कँडीचा रस्ता डोंगराचा; जाऊन-येऊन दिवस सरतो. २०११ सालीं मात्र दक्षिणेकडे नवा द्रुतगति रस्ता झाला, आणि गॉल दीड-दोन तासांवर आलें. तेव्हां कोलंबोला जहाजांतून उतरलेले बरेचसे प्रवासी कोलंबो पाहतच नाहींत. ते मोटारगाडींत बसून सरळ गॉलला जातात. तेथें, व्यापारानें सोडून दिल्यामुळें अभंग राहिलेला आणि १९८८ पासून जागतिक वारशांत गणला गेलेला डच किल्ला आहे. २००४ च्या डिसेंबरांत समुद्र गांवावर चढून आला तेव्हां बाहेरची बाजारपेठ वाहून गेली, पण त्या तटांनीं आंतलीं घरें राखलीं. प्रवासी त्या तटावरून चालतात. खालीं, जेथें ‘मलबार’ बुडाली, तें बंदर जवळजवळ रिकामें असतें. गल्लींत लेसी आणि नीलमणी विकणारे बसलेले असतात. वाटाड्या घड्याळ पाहतो, कारण गाडी संध्याकाळपूर्वीं कोलंबोच्या धक्क्यावर पोहोंचली पाहिजे.